कविता लिहायचीय पण धीर होत नाही, त्यांच्यासाठी

ज्यांच्या मोबाईलच्या नोट्समध्ये चार अर्धवट ओळी कधीच्या पडून आहेत आणि त्या अजून कुणालाच दाखवलेल्या नाहीत, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

ठाण्यात आम्ही काही जण महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी कविता वाचायला बसतो. तिथे नवीन येणारं माणूस हमखास दोनपैकी एक वाक्य बोलतं, एकतर "मला सुचतच नाही" किंवा "सुचतं हो, पण ती कविता आहे की नाही तेच कळत नाही". कॉलेजची मुलं असतात, रिटायर झालेले काका असतात, ऐरोली घणसोलीहून ड्युटी संपवून येणारे असतात, सगळ्यांचं हेच. आणि बहुतेकांनी सुरुवात उलट्या टोकाकडून केलेली असते, म्हणजे आधी मोठा विषय ठरवायचा (प्रेम, आई, पाऊस, देश), मग यमकं शोधायची, मग घाईघाईत स्टेटसला टाकायचं, आणि दोनच जणांनी अंगठा दाखवला की "आपल्याला जमत नाही" म्हणून बंद. म्हणून मी क्रम लावून सांगते. तुम्हाला वेगळा क्रम सोयीचा वाटला तर तसं करा, पण पहिल्या दोन पायऱ्या मात्र गाळू नका.

सुरुवातीला: "माझं मराठी चांगलं नाही" हे डोक्यातून काढा

ही भीती सगळ्यात जास्त लोकांना असते, आणि इंग्लिश मीडियमच्या मुलांना तर फारच. त्यांना वाटतं कवितेसाठी वेगळं, जड, पुस्तकातलं मराठी लागतं आणि ते आपल्याकडे नाही. बहिणाबाई चौधरींना लिहिता वाचता येत नव्हतं. शेतात काम करता करता, जात्यावर दळता दळता त्या आपल्या खान्देशी बोलीत ओव्या रचायच्या, घरातल्या माणसांनी, त्यांच्या मुलाने म्हणजे सोपानदेवांनी त्या उतरवून ठेवल्या, आणि बाई १९५१ साली गेल्यावर पुढच्या वर्षी त्या पुस्तकरूपाने छापल्या गेल्या. आज शाळेच्या पुस्तकात आपण त्या शिकतो. नारायण सुर्वे गिरणीत काम करत होते, नंतर महापालिकेच्या शाळेत शिपाई होते, पुढे शिक्षक झाले, पहिला संग्रह १९६२ साली आला आणि १९९५ला परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या कवितेत कामगार वस्तीतली भाषा जशीच्या तशी येते.

मी ही नावं तुम्हाला दडपण यावं म्हणून घेत नाहीये, उलट सांगायचंय ते हे की घरात, रिक्षात, डब्यात बसून तुम्ही जे मराठी बोलता त्यात कविता होते. तुमच्या घरी मालवणी बोलतात, आगरी बोलतात, वऱ्हाडी बोलतात तर ते तुमच्याकडचं भांडवल आहे, ते लपवू नका. "प्लॅटफॉर्म" लिहायचं असेल तर प्लॅटफॉर्मच लिहा, "फलाट" तुमच्या तोंडात नसेल तर ओढूनताणून आणू नका, वाचणाऱ्याला लगेच कळतं.

आणि वेळ नाही म्हणणाऱ्यांसाठी एवढंच की कवी बा. सी. मर्ढेकर आकाशवाणीत नोकरी करायचे, अरुण कोलटकर जाहिरातीच्या क्षेत्रात होते, आणि आपल्या ठाण्याचे पी. सावळाराम तर गाणी लिहीत होते आणि शहराचे नगराध्यक्षही होते. कविता लिहायला नोकरी सोडावी लागत नाही.

पहिली पायरी: एक जागा धरा

सुचत नाही म्हणणाऱ्या माणसाला मी पहिल्यांदा हेच विचारते की तुम्ही रोज कुठून जाता. उत्तर येतं की काय, स्टेशन, ऑफिस, घर. मग त्यातली एक जागा निवडा आणि पंधरा दिवस फक्त त्या जागेबद्दल टिपणं काढा, कविता लिहायचीच नाही, नुसती टिपणं. तलावपाळीचा एक बाक असेल, जांभळी नाक्याचा एक भाजीवाला, ठाणे स्टेशनवरचा ट्रान्स हार्बरच्या दहा नंबरकडे जाणारा पूल, वाशीच्या मार्केटचं एक गेट, उपवनचा कट्टा, नेरूळची एखादी बसस्टॉपची शेड, काहीही चालेल पण एकच जागा. जागा बदलत राहिलात तर तुम्ही फक्त वरवरचं बघता, तीच जागा परत परत बघितलीत की तिसऱ्या चौथ्या दिवशी आधी न दिसलेलं दिसायला लागतं, अमुक बाई रोज उजव्या हातात चप्पल धरूनच पूल चढते, पावसात फुलवाला टोपलीवर आधी ओला कपडा टाकतो आणि मग प्लॅस्टिक, असं काहीतरी.

टिपणात काय लिहायचं? काय दिसलं, काय ऐकू आलं, कसला वास आला, कोण काय बोललं. उपमा लिहायच्या नाहीत. "सुंदर", "उदास", "विलक्षण" हे शब्दही लिहायचे नाहीत, कारण ते तुमचं मत आहे, आणि मत कवितेत नंतर आपोआप येतं. ऐकलेलं वाक्य मात्र शब्दाला शब्द उतरवा. लोकलमध्ये बायका एकमेकींशी जे बोलतात त्यातली कितीतरी वाक्यं तशीच्या तशी कवितेची ओळ असतात, मला फार आवडतात ती, आणि लिहून ठेवली नाहीत तर घरी पोचेपर्यंत जातात.

गर्दीत लिहिता येत नाही हे मान्य. फोनवर व्हॉइस टायपिंग चालू करून मराठीत हळू आवाजात बोला, कानाला फोन लावलेलाच असतो सगळ्यांचा, कुणी वळूनही बघत नाही. शब्द चुकीचे उमटतील, ते घरी आल्यावर दुरुस्त करा, पण त्याच दिवशी करा, दुसऱ्या दिवशी आपलंच आपल्याला कळत नाही.

दुसरी पायरी: नावं विचारा

नवशिक्यांच्या कवितेत "झाड", "पक्षी", "फूल", "बाजार" असे शब्द फार असतात. कुठलं झाड? ठाण्यात आणि नवी मुंबईत एप्रिल-मेमध्ये रस्त्याकडेला पिवळ्या झुंबरांचा बहावा असतो, जांभळा तामण असतो जो आपल्या राज्याचं फूल आहे, गुलमोहर असतो, आणि आपण सगळ्याला झाडच म्हणतो. नाव कळलं की नजर थांबते. आणि नावाबरोबर नाद येतो, "तामण" म्हणून बघा मोठ्याने, "फूल" म्हणून बघा.

तसंच कामाच्या शब्दांचं. वाशीच्या एपीएमसीत, म्हणजे घाऊक बाजारात गेलात तर माथाडी, मापाडी, गोणी, बारदान, आवक, पट्टी हे शब्द कानावर पडतील. कोळीण ताईंना विचारलंत तर बोंबील आणि मांदेलीच्या पलीकडे खाडीतली निवटी कळेल, उधाण कधी येतं ते कळेल. विचारताना घाबरू नका, आपल्या कामाबद्दल कुणी मनापासून विचारलं की बहुतेक माणसं सांगतात, फक्त धंद्याच्या वेळेत गिऱ्हाईक उभं असताना विचारू नका आणि शक्यतो काहीतरी विकत घ्या.

अजून एक उदाहरण देते कारण या विषयावर आमच्याकडे दरवर्षी हिवाळ्यात ढीगभर कविता येतात, फ्लेमिंगो. "गुलाबी पाहुणे आले" अशी सुरुवात असते आणि पुढे फारसं काही नसतं. आता हे बघा: फ्लेमिंगोला मराठीत रोहित म्हणतात, अग्निपंखही म्हणतात. तो चोच उलटी धरून चिखलपाणी गाळून खातो. त्याचा गुलाबी रंग त्याच्या खाण्यातून येतो, शेवाळातली रंगद्रव्यं अंगात उतरतात, पिल्लू जन्मतं तेव्हा राखाडी असतं. ठाण्याच्या खाडीला भरती ओहोटी दिवसातून दोन दोनदा असते, ओहोटीला चिखल उघडा पडतो तेव्हा ते खायला उतरतात. मान खाली घालून चिखलातून स्वतःचा रंग गोळा करणारा पक्षी, एवढं कळल्यावर "गुलाबी पाहुणे" लिहावंसंच वाटत नाही. तुमच्या विषयाबद्दल एखादी खरी माहिती मिळवा, ती मिळाली की पुढची ओळ बरेचदा तिच्यामागून येते. प्रेरणा प्रेरणा म्हणतात त्यातली निम्मी तरी अशी चौकशी करून मिळते असं माझं मत आहे.

नवी मुंबईत राहणाऱ्यांनी आणखी एक करावं. करावे, दिवाळे, घणसोली ही मूळची गावं आहेत, तिथल्या आगरी कोळी घरांमध्ये लग्नात धवलारीण धवले गाते, पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ चालत आलेलं काव्य आहे ते. ओळखीत असं लग्न असेल तर जेवून लगेच निघू नका, विधी चालू असताना जवळ बसून ऐका.

तिसरी पायरी: पहिला खर्डा बोलून करा

टिपणं जमली की त्यातलं एकच टिपण घ्या, जे तुम्हाला सोडत नाहीये ते. का सोडत नाही ते माहीत नसलं तरी चालेल. मग ते लिहू नका, आधी सांगा, फोनचा रेकॉर्डर चालू करून एखाद्या मैत्रिणीला सांगताय असं सांगा. सांगताना आपण जिथे थांबतो, जिथे तोच शब्द दोनदा म्हणतो, जिथे आवाज बदलतो, तिथे कविता असते. मग रेकॉर्डिंग ऐकत कागदावर उतरवा आणि जिथे श्वास घेतलात तिथे ओळ तोडा. सुरुवातीला ओळ कुठे तोडायची याचा याहून सोपा नियम मला माहीत नाही.

हा खर्डा वाईटच असणार, त्याला वाईट असू द्या. त्याच बैठकीत सुधारायला बसू नका. दोन दिवस वही बंद.

चौथी पायरी: ठरीव शब्द काढा

दोन दिवसांनी लाल पेन घ्या आणि हे शब्द दिसले की खाली रेघ मारा: वेदना, आसवं, मनाचा गाभारा, आठवणींचा पाऊस, स्वप्नांचं गाव, काळोख, श्वास, हृदय, अबोल, हळवा. या शब्दांत वाईट काही नाही, मोठमोठ्या कवींनी वापरलेत, पण आज ते इतके हाताळून झालेत की ते वाचून डोळ्यासमोर काहीच येत नाही. प्रत्येक रेघेशी थांबा आणि स्वतःला विचारा, म्हणजे नक्की काय झालं होतं?

उदाहरणासाठी मीच दोन तुकडे रचलेत. हा पहिला, नवीन माणूस साधारण असं लिहितो:

बाबा तुमच्या आठवणींनी
मनाचा गाभारा भरून येतो
वेदनांच्या काळोखात
श्वास माझा हरवून जातो

यातलं दुःख खरं आहे, याबद्दल मला शंका नाही. पण हे कुणाचेही बाबा असू शकतात. आता "नक्की काय झालं होतं" विचारल्यावर आलेलं:

बाबांचा पास
कपाटात सापडला
ठाणे ते दादर
मुदत संपायला अजून
अकरा दिवस

यात रडणं कुठेच लिहिलेलं नाही. पण पास आहे, कपाट आहे, स्टेशनची नावं आहेत, आणि उरलेले दिवस आहेत, बाकीचं वाचणारा स्वतः करतो. नवीन लोकांना इथे हमखास वाटतं की भावना कमी पडली, अजून एक कडवं जोडून समजावून सांगावं, ते करू नका. वाचणाऱ्याच्या घरातही कुणाचा तरी पास, चष्मा, औषधाची अर्धी पट्टी असते, त्याला कळतं.

खासगी गोष्ट लिहायची असेल तर एक सांभाळा. दुसऱ्या माणसाचं गुपित, आजार, भांडण आपण चव्हाट्यावर मांडतोय का हे बघा, नावं आणि खुणा बदला, आणि वहीत लिहिलेलं सगळं बाहेर वाचायलाच पाहिजे असं नाही.

पाचवी पायरी: एखादा जुना साचा हातात घ्या

मुक्तछंद, म्हणजे ठरावीक मापाशिवायची कविता, सोपा वाटतो म्हणून सगळे तिथून सुरू करतात, आणि मग ओळ कविता झाली की नुसतं तोडलेलं वाक्य हे ठरवायला काहीच आधार नसतो. माझा आग्रह आहे की दोन महिने तरी अभंगाच्या मापात लिहून बघा. देवाबद्दलच लिहायला पाहिजे असं नाही, माप वापरायचं आहे.

मोठ्या अभंगात चार चरण असतात, पहिल्या तिघांत सहा सहा अक्षरं आणि चौथ्यात चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाच्या शेवटी यमक. अक्षर मोजताना जोडाक्षर एकच धरायचं, ऱ्हस्व दीर्घाचा फरक करायचा नाही. लहान अभंगात दोनच चरण, साधारण आठ आठ अक्षरांचे, आणि शेवटी यमक. बस, एवढंच. बोटांवर मोजता येतं, लोकलमध्ये उभ्या उभ्या जमतं, कागदही लागत नाही. मी ठाणे स्टेशनच्या पुलावर बसवलेलं हे बघा:

सकाळची गर्दी
चढे पुलावर
भिजला पदर
खांद्यावरी

कुणाच्या डब्यात
मेथीची ती भाजी
आठवण ताजी
माहेराची

मोजून बघा, सहा सहा सहा चार. "पुलावर, पदर", "भाजी, ताजी". यात फार थोर असं काही नाही, पण मापामुळे काय झालं ते सांगते. "मेथीची ती भाजी" पर्यंत मी नुसती गर्दी लिहीत होते, मग सहा अक्षरांत "जी"वर संपणारं काही शोधताना "आठवण ताजी" आलं, आणि चार अक्षरांची जागा उरली तेव्हा "माहेराची" आलं. ते माझ्या डोक्यात आधी नव्हतंच. माप तुम्हाला अडवतं आणि अडल्यावर तुम्ही तिथे जाता जिथे एरवी गेला नसता. "मला सुचत नाही" याच्यावर माझ्या माहितीत हा सगळ्यात भरवशाचा उपाय आहे, कारण यात सुचण्याची वाट बघायची नसते, पुढची सहा अक्षरं भरायची असतात.

लहान मापाचं एक: "सर आली येऊरला / डोंगर हिरवा झाला". रोज असं एक केलंत, घरी कुणाला कळणारही नाही, तरी महिनाभरात हात बसतो.

ओवी, हायकू, गझल यांचं थोडक्यात सांगते. जात्यावरच्या ओवीला अक्षरांचं बंधन सैल असतं, ती गाऊन बसवतात, आजी किंवा मामी असेल तर म्हणून घ्या. हायकू तीन ओळींचा, मराठीत तो शिरीष पै यांनी रुजवला, दिसायला सोपा पण फसवा, निरीक्षणाची सवय झाल्यावर करा. गझलेला कडक नियम असतात, मतला (पहिला शेर), काफिया (यमक), रदीफ (यमकानंतर परत परत येणारा शब्द) आणि वृत्त, ते न शिकता "गझल" असं वर लिहू नका, जाणकार लगेच नाराज होतात आणि त्यांचं बरोबर आहे. सुरेश भटांनी नवीन लिहिणाऱ्यांसाठी 'गझलेची बाराखडी' मुद्दाम लिहून ठेवली, गझलेची ओढ असेल तर तिथूनच सुरू करा.

वाचन, हे कुठल्याही पायरीला

वाचल्याशिवाय लिहिता येत नाही हे सगळेच सांगतात, कसं वाचायचं ते कुणी सांगत नाही. एका वेळी एकच कवी घ्या आणि त्याचं एक पुस्तक महिनाभर जवळ ठेवा. रोज एक कविता मोठ्याने. आवडलेली कविता हाताने वहीत उतरवा, टाइप नको, हाताने. उतरवताना कळतं की कवीने इथे विशेषण टाकलंच नाहीये, इथे ओळ मध्येच सोडलीये.

पुस्तकं विकत घेणं प्रत्येकाला परवडत नाही. ठाण्यातलं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालापासून चालू आहे, त्याचं किंवा तुमच्या भागातल्या एखाद्या वाचनालयाचं सभासद व्हा आणि कवितेच्या कपाटापुढे उभं राहून चाळा. खूप जुने आणि अगदी नवीन असे दोन्ही कवी घ्या, केशवसुतही आणि आत्ता लिहिणारी तुमच्या वयाची मुलगीही. न आवडलेलं पुस्तक परत करा, अपराधी वाटून घेऊ नका.

सहावी पायरी: एका माणसाला वाचून दाखवा

धीर येतो तो इथे, आणि आधीच्या सगळ्या पायऱ्या मी यासाठीच लावल्यात. एकच माणूस निवडा. जो तुमच्यावर माया करतो पण "वा वा मस्त" म्हणून फोन बघायला लागत नाही असा. नवरा किंवा बायको असायलाच पाहिजे असं नाही, खरं तर बरेचदा घरच्यांना अवघड जातं, कारण त्यांना वाटतं हे माझ्याबद्दल आहे का. ऑफिसातली मैत्रीण, शाळेतल्या जुन्या बाई, शेजारचे आजोबा, कुणीही.

मेसेजवर पाठवू नका, समोर बसून किंवा निदान फोनवर मोठ्याने वाचा. आधी "म्हणजे काही खास नाहीये, अशीच आपली" असं म्हणू नका, त्याने ऐकणाऱ्याचं लक्ष आधीच कमी होतं. वाचून झाल्यावर "कशी वाटली?" विचारायचं नाही, कारण त्याला "छान" एवढंच उत्तर असतं. हे विचारा:

कुठली ओळ लक्षात राहिली? कुठे कळलं नाही? कुठे मन दुसरीकडे गेलं?

आणि उत्तर मिळेल तेव्हा गप्प राहून लिहून घ्या. समजावून सांगायला लागू नका. ऐकणाऱ्याला तुमची सगळ्यात आवडती ओळ आठवलीच नाही असं होतं, वाईट वाटतं, वाटू द्या. पण भलतीच एखादी साधी ओळ त्याला आठवते, आणि तिथून तुम्हाला तुमचा स्वतःचा आवाज कळायला लागतो. आमच्याकडे एक काका कायम निसर्गावर लिहायचे, शब्द अगदी निवडक, पण ऐकणाऱ्यांना प्रत्येक वेळी लक्षात राहायची ती रेशनच्या रांगेबद्दल त्यांनी जाता जाता टाकलेली ओळ. आता ते रांगांबद्दलच लिहितात आणि सगळे कान देऊन ऐकतात.

एक माणूस झाला की तीन चार जणांचा गट करा. घरी, सोसायटीच्या गच्चीवर, तलावपाळीला सकाळी, कुठेही. नियम दोनच ठेवा, प्रत्येकाने एक कविता आणायची आणि प्रत्येकाने दुसऱ्याच्या कवितेबद्दल आधी काय आवडलं ते सांगायचं. ज्याने काहीच आणलं नाही त्याने दुसऱ्या कवीची वाचायची, पण यायचंच.

सातवी पायरी: माईक

पहिल्यांदा उभं राहायला २७ फेब्रुवारी बरा, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन, त्या सुमारास वाचनालयं, शाळा, सोसायट्या सगळीकडे कार्यक्रम असतात आणि त्यांना वाचणारी माणसं हवीच असतात. कोजागिरी, गणेशोत्सव आहेच. अखिल भारतीय साहित्य संमेलनात नवीन लोकांसाठी कविकट्टा असतो, त्यासाठी आधी कविता मागवतात. २०१०चं चौऱ्याऐंशीवं संमेलन तर ठाण्यातच झालं होतं.

तयारी अशी करा. कविता एकच, आणि लहान. मोठ्या अक्षरात प्रिंट काढा, फोनवरून वाचू नका, ऐन वेळी स्क्रीन काळी होते नाहीतर कुणाचा तरी फोन येतो. घरी उभं राहून पाच सहा वेळा वाचा, कारण बसून वाचताना आवाज वेगळा लागतो. माईकपासून वीतभर अंतर. पहिली ओळ हळू, एकदम हळू, घाबरलेलं माणूस पहिलीच ओळ पळवतं आणि मग दम पुरत नाही. हात थरथरतात त्यांनी कागदाच्या मागे पुठ्ठा लावावा, कागद हलताना दिसत नाही आणि आपणही शांत होतो. कवितेआधी तिची जन्मकथा सांगू नका, नाव सांगा आणि वाचा. दिलेला वेळ पाळा. आणि आपली झाली की उठून जाऊ नका, शेवटपर्यंत बसून बाकीच्यांचं ऐका, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, आपल्याला कान मिळाले तसे दुसऱ्यालाही मिळायला हवेत. विंदा करंदीकर, मंगेश पाडगावकर, वसंत बापट हे कवी एकत्र गावोगाव कविता वाचत फिरायचे, त्यातून कितीतरी लोकांना कविता ऐकायची सवय लागली.

छापायला पाठवताना

मराठीत १९०९ पासून दिवाळी अंक निघतात आणि त्यात कवितेला जागा असते. बहुतेक अंकांचं साहित्य पावसाळ्यातच जमा होतं, म्हणून जून-जुलैमध्ये पाठवा, गणपती झाल्यावर पाठवून उपयोग नाही. आधी तो अंक वाचा, त्यांना कसली कविता आवडते बघा. दोन किंवा तीन कविता, युनिकोडमध्ये टाइप केलेल्या, शुद्धलेखन कुणाकडून तरी तपासून घेतलेल्या, खाली नाव आणि फोन. तीच कविता एकाच वेळी चार ठिकाणी पाठवू नका. स्टेटसला टाकलेली कविता काही संपादकांना चालत नाही, त्यामुळे छापायला द्यायची ती आधी राखून ठेवा.

पैशांचं स्पष्ट सांगते. "तुमची कविता निवडली गेली आहे, प्रातिनिधिक संग्रहासाठी अमुक रुपये भरा आणि इतक्या प्रती घ्या" असे मेसेज येतात, तसंच फी भरून प्रमाणपत्र देणाऱ्या ऑनलाइन स्पर्धा असतात. त्यात निवड नसते, पैसे भरणारा प्रत्येक जण निवडलेलाच असतो. ते पैसे पुस्तकांवर घाला. कविता लिहिली की तिचा कॉपीराइट आपोआप तुमचाच असतो, त्यासाठी कुठे नोंदणी करावी लागत नाही. फॉरवर्ड होताना नाव गळतं ही नेहमीची तक्रार आहे, म्हणून पाठवताना कवितेच्या खालीच नाव लिहा आणि मूळ खर्डा तारखेसकट वहीत राहू द्या.

कविता परत आली किंवा उत्तरच आलं नाही तर तीन महिने थांबून एकदा विनम्रपणे विचारा. नाही म्हणाले तर ती पुन्हा मोठ्याने वाचा, अडखळलात ती ओळ दुरुस्त करा आणि दुसऱ्या अंकाला पाठवा. मधल्या काळात टिपणांसाठी नवीन जागा धरा, पावसाळा असेल तर उपवन, हिवाळा असेल तर ऐरोलीची खाडी.